उशीवर 96, ओट्यावर 84

हा दिवस कुणा एकाच्या फाइलीतला नाही. वैद्यकीय अहवालांत पुन्हापुन्हा भेटणाऱ्या खुणा मी धरणगावातल्या एका कल्पित ओट्यावर आणून बसवल्या आहेत.

सकाळी 6.00. नाना, वय 72. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलून पाठीला पोक आलेलं. तापाने पंधरा दिवस अंथरुणावर होते. डावी पोटरी सुजली आहे, तिच्याकडे कुणी पाहिलेलं नाही. सून झोपल्याजागीच बोटाला ऑक्सिमीटर लावते : 96.

6.30. ओट्यावर चहा घेताना धाप लागते. कपबशी तशीच ठेवून नाना आत जाऊन पडतात. ‘आडवं झालं म्हणजे बरं वाटतं गं.’ सगळं निदान या वाक्यात आहे. हृदय थकलेला माणूस आडवं झालं की घुसमटतो, उशा रचून बसतो. इथे नेमकं उलटं. या उलट्या दुखण्याचं वर्णन अमेरिकेत 1949 मध्येच झालं होतं. पुढे त्याला प्लॅटिप्निया-ऑर्थोडिऑक्सिया असं जिभेची परीक्षा पाहणारं नाव मिळालं.

9.00. दवाखाना. टेबलावर झोपवून तपासणी. एक्स-रे साफ. चिठ्ठीवर ‘ऑक्सिजन 95’. अशक्तपणा म्हणून टॉनिक.

11.15. पुन्हा ओटा. 84. सून सेल बदलते. 83. शेजाऱ्याच्या बोटाला 98, म्हणजे यंत्र धड आहे. तेवढ्यात नाना आडवे होतात, आकडा 95 वर जातो आणि विषय मिटतो. मला राग येतो तो इथे. वाईट आकडा दिसला की आपण सेल बदलतो. चांगला दिसला की कुणी बदलत नाही.

12.30. कोविडपासून कुणाच्या तरी माळ्यावर पडलेला कॉन्सन्ट्रेटर येतो. नाकात नळी, नाना बसलेले : 86. पुढे सरकत नाही. सरकणार कसा? काही रक्त फुप्फुसांना वळसा घालूनच निघालं आहे, त्याची ऑक्सिजनशी गाठच पडत नाही. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधली गर्भातली झडप साधारण चारातल्या एका माणसात पुरती चिकटत नाही. बहुतेकांना ते जन्मभर कळतही नाही. पण वयाने महाधमनी रुंदावते, पाठ वाकते, पडदा ताणला जातो. मग बसलं की खालून येणाऱ्या रक्ताची धार थेट त्या फटीवर पडते. (यकृताचा जुना आजार असता किंवा घोळणा वरचेवर फुटत असता, तर वाट फुप्फुसांच्या तळाच्या रक्तवाहिन्यांत शोधावी लागली असती.)

आणि जिथून रक्त जातं, तिथून पोटरीतली गुठळीही जाते.

4.05. नाना शौचाला. कुंथताना हृदयाच्या उजव्या बाजूचा दाब वाढतो.

4.10. उजवा हात लोंबतो. शब्द बोबडे. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनासाठी हाताशी साडेचार तास. पाळधी, बांभोरी, गिरणेचा पूल. गाडीत नाना आडवे, आकडा 95.

5.20. जळगाव. सीटी स्कॅन, मग इंजेक्शन.

रात्री 9.40. हात अजून हलत नाही. ‘बसवल्यावर किती होतो?’ हे विचारणारी दिवसभरातली पहिली डॉक्टर. ती दंडाच्या शिरेत घुसळून फेसाळलेलं सलाइन सोडते. हे बुडबुडे फुप्फुसांनी गाळायचे असतात. इकोच्या पडद्यावर ते तीन ठोक्यांच्या आत डाव्या कप्प्यात उतरतात. खाटेचं डोकं उचललं की झुंडीने.

सून पिशवीतून सकाळची चिठ्ठी काढून देते. डॉक्टर 95 च्या पुढे पेनाने लिहिते : आडवे असताना.