लष्करी प्रशिक्षणातील मुली आणि स्ट्रेस फ्रॅक्चर: नडगीचे दुखणे अंगावर काढू नका

स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणजे हाडाला पडलेली बारीक चीर. ती पडून किंवा मार लागून होत नाही. धावणे, मार्चिंग, पाठीवर वजन घेऊन चालणे असा एकच ताण पुन्हा पुन्हा पडल्याने ती होते. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरांनी लांबच्या कूचीनंतर सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पायांची नोंद केली होती. पुढे एक्स-रेचा शोध लागल्यावर त्यामागे हाडाची चीर असते हे कळले. म्हणूनच याला ‘मार्च फ्रॅक्चर’ असेही म्हणतात.

आज हा विषय अनेक घरांशी संबंधित आहे. २०१६ मध्ये हवाई दलात पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक दाखल झाल्या. २०२३ मध्ये भूदलाच्या तोफखान्यात महिला अधिकारी आल्या. पुण्याजवळच्या खडकवासला येथील एनडीएमधून मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. तुमची मुलगी किंवा बहीण अकादमीत असेल, किंवा अग्निवीर, पोलीस भरतीसाठी रोज पहाटे मैदानावर जात असेल, तर पुढील माहिती दोघींनीही वाचावी.

हाडाला चीर का पडते?

हाड ही जिवंत ऊती आहे. व्यायामाचा ताण वाढला की शरीर आधी जुना भाग काढून टाकते आणि मग तिथे नवे, मजबूत हाड तयार करते. काढण्याचे काम लवकर होते, भरण्याला जास्त वेळ लागतो. त्यामुळे ताण वाढल्यानंतरचे काही आठवडे हाड तात्पुरते कमजोर असते. याच काळात विश्रांती न घेता ताण वाढवत नेला, तर चीर पडते. म्हणून प्रशिक्षणाच्या पहिल्या काही आठवड्यांत हा त्रास जास्त दिसतो.

मुलींमध्ये प्रमाण जास्त का?

अनेक देशांच्या सैन्यांतील अभ्यासांत, सारखेच प्रशिक्षण घेणाऱ्या मुलींमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर मुलांपेक्षा जास्त आढळले आहे. याचा अर्थ मुली लढाऊ कामाला अयोग्य आहेत असा नाही. यामागे ठरावीक कारणे आहेत आणि त्यांतील बरीचशी टाळता येतात.

- हाडांची जाडी: मुलींची हाडे सरासरीने बारीक असतात. तेच वजन त्यांच्यावर जास्त भार टाकते.
- सुरुवातीचा दम: आधी धावण्याची सवय नसेल तर तेच अंतर शरीराला जास्त थकवते. सुरुवातीचा फिटनेस सारखा असेल तर मुलामुलींच्या दुखापतींमधील फरक कमी होतो.
- पावलाची लांबी: उंच मुलांच्या पावलाशी पाऊल जुळवताना बुटक्या मुलीच्या कटीच्या हाडांवर ताण येतो. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात मार्चिंगचा वेग कमी केला, प्रत्येकीला आपल्या सोयीचे पाऊल टाकू दिले आणि धावण्याची पद्धत बदलली. त्यानंतर महिला रिक्रूटमधील कटीच्या हाडांचे स्ट्रेस फ्रॅक्चर ११.२ टक्क्यांवरून ०.६ टक्क्यांवर आले.
- कमी खाणे: खर्च होते त्यापेक्षा कमी ऊर्जा पोटात गेली तर शरीर काटकसर करते. पाळी लांबते किंवा थांबते, इस्ट्रोजेन घटते आणि हाडाची झीज भरून निघत नाही.

पाळी बंद होणे ‘नॉर्मल’ नाही

“ट्रेनिंगमध्ये सगळ्यांचीच पाळी बंद होते,” असे मुली एकमेकींना सांगतात. बऱ्याच जणींच्या बाबतीत असे घडते, पण ते दुर्लक्ष करण्यासारखे नाही. सलग तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांना भेटा. गर्भधारणा आणि थायरॉईडची तपासणी करून मग आहार व व्यायामाचा विचार केला जातो. हार्मोनच्या गोळ्या घेऊन रक्तस्राव सुरू झाला म्हणजे हाडे सुरक्षित झाली असे समजू नका. मूळ उपाय पुरेसे खाणे हाच आहे.

लक्षणे कशी ओळखाल?

- नडगी, पायाचा पंजा, खुबा किंवा जांघ यांपैकी एका ठिकाणी दुखते. बोटाने नेमकी जागा दाखवता येते.
- सुरुवातीला धावतानाच दुखते, थांबल्यावर कमी होते. पुढे चालतानाही आणि नंतर रात्री झोपेतही दुखते.
- त्या जागी थोडी सूज येते, दाबल्यावर कळ येते.

नडगीच्या आतल्या बाजूला लांबवर पसरलेले दुखणे बहुधा ‘शिन स्प्लिंट’चे असते. पण दोन्हींतला फरक घरी ठरवू नका.

ताबडतोब डॉक्टरांकडे जा: जांघेत किंवा खुब्यात दुखत असेल आणि त्या पायावर भार देताना कळ येत असेल, तर धावणे त्याच क्षणी थांबवा आणि त्या पायावर भार देऊ नका. मांडीच्या हाडाच्या मानेला चीर असेल आणि ती पूर्ण मोडून सरकली, तर खुब्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. तेव्हा तातडीची शस्त्रक्रिया लागते.

तपासण्या आणि उपचार

पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो. म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी दुखणे कायम असेल, तर डॉक्टर एमआरआय सांगतात. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि व्हिटॅमिन डी तपासणे उपयोगी ठरते.

बहुतेक चिरा साधारण सहा ते आठ आठवडे धावणे थांबवल्यावर भरतात. चालतानाही दुखत असेल तर काही काळ कुबड्या किंवा खास बूट लागतो. दम टिकवण्यासाठी डॉक्टरांच्या परवानगीने पोहणे किंवा सायकल चालते. चालताना अजिबात दुखत नसेल तेव्हाच, आधी थोडे चालणे थोडे धावणे असे करत, हळूहळू मैदानावर परतावे. पेनकिलर घेऊन किंवा इंजेक्शन टोचून धावू नका. दुखणे दबते, चीर मात्र वाढत जाते.

प्रतिबंधासाठी काय कराल?

- भरतीच्या तारखेआधी काही महिने सराव सुरू करा. शेवटच्या महिन्यात एकदम अंतर वाढवू नका. अंतर, वेग आणि पाठीवरचे वजन एकाच आठवड्यात वाढवू नका.
- आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण विश्रांती घ्या. रोज पुरेशी झोप घ्या.
- झिजलेले बूट बदला. डांबरी रस्त्यापेक्षा मातीच्या मैदानावर धावा.
- उपाशीपोटी सराव नको. भाकरी, डाळ-उसळ, दूध, दही, अंडी रोजच्या जेवणात असू द्या. प्रौढ स्त्रीला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीतून सुमारे ३५० मिलिग्रॅम मिळते.
- अमेरिकी नौदलाच्या महिला रिक्रूटमध्ये कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी दिल्यावर स्ट्रेस फ्रॅक्चर सुमारे २० टक्क्यांनी कमी झाले. तरी गोळ्यांचा डोस डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.
- राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. सराव सुरू करण्यापूर्वीच हिमोग्लोबिन तपासा. ते १२ पेक्षा कमी असेल तर आधी उपचार घ्या.

घरच्यांसाठी

दुखणे सांगितले तर अकादमीत मागे टाकतील, भरतीची संधी हुकेल, या भीतीने मुली गप्प बसतात. फोनवर “थोडं सहन कर” म्हणण्याऐवजी “नेमकं कुठे दुखतंय? पाळी वेळेवर येते का? जेवतेस ना नीट?” असे विचारा आणि तिला एमआय रूममध्ये जायला सांगा. वेळेत सांगितलेल्या चिरेला काही आठवड्यांची विश्रांती पुरते. लपवलेली चीर हाड मोडेपर्यंत जाऊ शकते आणि मग गणवेशाचे स्वप्नच धोक्यात येते.

ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. निदान आणि उपचारांसाठी अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्या.