सामाईक भिंतींचें घर

लंडन शहराच्या उत्तर भागांत किंग हेन्‍रीज रोड नांवाचा एक रस्ता आहे. त्यावरील १० क्रमांकाचें विटांचें घर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९२१-२२ मधील वास्तव्यामुळें महाराष्ट्राला परिचित झालें आहे. परंतु मोठ्या अपेक्षेनें पाहावयास जाणाऱ्याची प्रथम थोडी निराशाच व्हावयाची. भिंतीवरील निळा फलक सोडला, तर ओळींतील इतर घरांहून निराळें असें त्यांत फारसें कांहीं नाहीं.

हें सारखेपण आलें कोठून? त्याचें मूळ १६६६ सालच्या आगींत आहे. त्या आगींत तेरा हजारांवर घरें भस्मसात् झालीं, तेव्हां १६६७ च्या कायद्यानें बाहेरील भिंती विटांच्या किंवा दगडांच्याच असल्या पाहिजेत असें ठरविलें, आणि घरांचे चार वर्ग पाडून मजल्यांची संख्या व भिंतींची जाडीहि नेमून दिली. १७०७ मध्यें छपराखालील लाकडी कंगोरे गेले. १७०९ मध्यें खिडकीची चौकट भिंतीच्या दर्शनी बाजूपासून चार इंच आंत सरली. ज्याला आपण सौंदर्य समजतों तो साधेपणा, निदान अंशतः, आगीच्या भयाचें अपत्य होय. १७७४ च्या कायद्यानें हें वळण अधिक पक्कें केलें. पुढें कायदे बदलले, वळण टिकलें.

दुसरें कारण जमिनीचें. जमीन बड्या मालकाची. ती दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानें घ्यावयाची आणि घरें बांधून विकावयाचीं, हा बांधणाऱ्यांचा व्यवसाय. किंग हेन्‍रीज रोडची जमीन ईटन विद्यालयाची होती. विद्यालयाचा संस्थापक सहावा हेन्‍री याच्यावरूनच रस्त्याला नांव पडलें. रस्त्यालगतची रुंदी महाग, म्हणून घर अरुंद, खोल आणि उंच. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशीं सामाईक, आणि धुराडींहि बहुधा त्यांतच.

या सामाईक भिंतींचा अर्थ अलीकडे पुन्हां प्रत्ययास आला. २०१५ मध्यें महाराष्ट्र शासनानें हें घर विकत घेऊन तेथें स्मारक केलें. परंतु राहत्या घराचें संग्रहालय करण्यास कांहीं रहिवाश्यांनीं हरकत घेतली. स्थानिक नगरमंडळानें परवानगी नाकारली. शेवटीं अपिलांत २०२० मध्यें ती मिळाली. निकालाचा आनंद आम्हांसहि झाला. तथापि शेजाऱ्यांचें म्हणणें सर्वस्वीं क्षुद्र होतें असें आम्हांस वाटत नाहीं. असल्या घरांत एकट्याचें असें थोडेंच असतें. आपल्या पावलांचा आवाज पलीकडे जातो.

माणसामाणसांत उभ्या केलेल्या भिंतींशीं ज्यानें जन्मभर झुंज घेतली, त्याचें स्मारक दोन घरांना आधार देणाऱ्या भिंतींमध्यें असावें, यांत औचित्य आहे. मात्र तेथें जाणाऱ्यानें जिना जरा हलक्या पावलांनीं चढावा. त्या थोर विद्यार्थ्यालाहि अभ्यासासाठीं शांतताच हवी होती.