उघड्या दाराची प्रार्थना : पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेकडे पाहताना

मराठी साहित्याच्या आणि समाजसुधारणेच्या इतिहासात पंडिता रमाबाईंना स्थान आहे. मात्र ते तुकड्यातुकड्यांनी दिलेले आहे. स्त्रीमुक्तीच्या अभ्यासकांना 'स्त्रीधर्मनीति' (१८८२) आणि 'द हाय कास्ट हिंदू वुमन' (१८८७) लिहिणाऱ्या रमाबाई हव्या असतात. राष्ट्रवादी इतिहासाला त्यांचे धर्मांतर आठवते. मिशनरी चरित्रे त्यांना संतपदाला नेऊन बसवतात. या तिन्ही वाचनांत एक गोष्ट निसटते, ती म्हणजे प्रार्थना करणाऱ्या रमाबाई. आपण समीक्षक मंडळी प्रार्थनेला सहसा खासगी बाब मानतो आणि इतिहासाच्या समासात ढकलतो. रमाबाईंच्या बाबतीत असे केले तर त्यांच्या आयुष्यातील महत्त्वाच्या निर्णयांची संगतीच लागत नाही. करुणा, निष्ठा आणि आशा ही मूल्ये त्यांच्या प्रार्थनेतून कृतीत कशी उतरली, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले आणि त्या आईने मुलीला. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर फिरले. म्हणजे उपासना हा रमाबाईंचा बालपणापासूनचा परिसर होता. १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण यांचे निधन झाले. व्रते, दाने, जप सारे काही करूनही उपासमार टळली नाही, हा अनुभव त्यांच्या मनात खोल रुतला. १८७८ मध्ये भावासह त्या कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या उपाध्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. तेही १८८२ मध्ये पटकीने वारले. वयाच्या चोविसाव्या वर्षी रमाबाईंपाशी उरली ती तान्ही मुलगी मनोरमा आणि संस्कृतची विद्या.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या आश्रमात राहिल्या. तेथून त्यांना लंडनजवळच्या फुलहॅम येथे त्या भगिनींचे कार्य पाहावयास पाठविण्यात आले. समाजाने 'पतित' ठरविलेल्या स्त्रियांना तेथे मायेने वागविले जात होते. आपल्याकडील धर्मशास्त्रे अशा स्त्रीला काय शिक्षा सांगतात हे रमाबाईंना मुखोद्गत होते. म्हणूनच ते दृश्य त्यांना विलक्षण वाटले. या करुणेचे मूळ कोठे, असे विचारता त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविण्यात आली. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या एका परक्या, बदनाम स्त्रीशी येशू उपासनेविषयी बोलतो, आणि खरी उपासना अमुक डोंगरावर वा अमुक नगरात बांधलेली नाही असे तिला सांगतो. तीर्थयात्रेत बालपण घालविलेल्या बाईला हे वचन कसे भिडले असेल याची कल्पना करता येते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात टीकेचे मोहोळ उठले. १८८५ च्या 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेणारे जोतीराव फुले हे अपवादांपैकी एक.

करुणेतून आलेली ही श्रद्धा म्हणजे शरणागती नव्हती. बाप्तिस्म्यानंतरच्या काळात सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार (अ. भि. शहा यांनी संपादित केलेला हा ग्रंथ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला) या दृष्टीने मुळातून वाचावा असा आहे. त्रैक्याचा सिद्धांत, पंथांचे अधिकार, गुरुभगिनींची आज्ञा यांपैकी काहीही त्या डोळे मिटून स्वीकारीत नाहीत. पुरोहितांची सत्ता आपण एकदा झुगारली आहे, आता दुसरे पुरोहित डोक्यावर का घ्यावेत, असा त्यांचा रोख आहे. क्रुसावर लॅटिन शब्दच का, संस्कृत का नकोत, हाही त्यांचा एक आक्षेप. रमाबाईंच्या लेखी निष्ठा होती ती ईश्वराशी आणि स्वतःच्या सदसद्विवेकाशी. तिच्यावर मालकी सांगणाऱ्या संस्थेशी नव्हे. पुढे १९०७ च्या आपल्या 'साक्षी'त त्या लिहितात, त्याचा आशय असा की बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र सुमारे आठ वर्षांनी भेटला. धर्मांतर हा एका दिवसाचा विधी नसून दीर्घ शोध होता, हे त्या स्वतःच सांगतात.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदासदन पुढच्याच वर्षी पुण्यास आले. विधवांसाठी असलेल्या या शाळेत धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे वचन होते. त्याचबरोबर रमाबाईंना स्वतःची उपासना करण्याचे स्वातंत्र्य होते. त्या मुलीसह प्रार्थनेला बसत तेव्हा खोलीचे दार उघडे असे, आणि काही विद्यार्थिनी येऊन बसू लागल्या. वादाची ठिणगी येथे पडली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार दूर झाले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. दार लावून घेतले असते तर संस्था वाचली असती. परंतु ज्या मुलींना घरात पावलोपावली दारे बंद होती, त्यांच्यासमोर आणखी एक दार लावणे त्यांना मान्य नव्हते. टीकाकारांचा संशय निराधार होता असेही म्हणता येत नाही. गुरूची श्रद्धा आश्रितांवर परिणाम करतेच. हा प्रश्न रमाबाईंच्या कार्यात अखेरपर्यंत राहतो, आणि तो टाळून त्यांचे मूल्यमापन होऊ नये.

१८९६-९७ चा दुष्काळ आला तेव्हा तो त्यांना स्वतःच्या बालपणाची पुनरावृत्ती वाटला. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. पुण्याजवळच्या केडगावच्या माळावर 'मुक्ती' उभी राहिली. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. फुलहॅमचे ऋण असे फिटले. ही करुणा सरकारधार्जिणीही नव्हती: १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी रुग्णालयातील स्त्रियांच्या हालांवर रमाबाईंनी वृत्तपत्रातून जाहीर टीका केली. येथेही वरचा प्रश्न उभा राहतो. उपाशी मुलीने आश्रयदात्रीचा धर्म स्वीकारला, तर ती निवड कितपत स्वतंत्र? मात्र त्या मुलीपुढे दुसरी कोणती दारे उघडी होती, हेही त्याच श्वासात विचारायला हवे.

१९०५ मध्ये मुक्तीत प्रार्थनेची मोठी लाट आली. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत, रडत, हसत. काही पाश्चात्त्य मिशनऱ्यांना तो गोंगाट शिष्टसंमत वाटला नाही. रमाबाईंनी त्यावर घेतलेली भूमिका लक्षणीय आहे. भारतीय माणसे आपल्या भावना आपल्या रीतीने प्रकट करतात, त्यांना परक्या शिस्तीत बसविण्याचा आग्रह नको, असे त्यांचे म्हणणे होते. आजवर ज्यांना तोंडातून शब्द काढण्याची मुभा नव्हती, त्या मुलींना ईश्वरासमोर तरी आवाज मिळाला, हा या घटनेचा सामाजिक अर्थ आहे.

या आवाजाला भाषा देण्याचे काम रमाबाईंनी आयुष्याच्या शेवटच्या पर्वात केले. प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर आहे, अल्पशिक्षित बाईला ती कळत नाही, शिवाय तिच्यातील कित्येक शब्द जुन्या तत्त्वज्ञानाचे अर्थ बरोबर घेऊन येतात, अशी त्यांची तक्रार होती. यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. खिळे जुळविणे, छपाई, बांधणी ही कामे मुक्तीच्या छापखान्यातील स्त्रियांनी केली. ज्या पांडित्याने 'सरस्वती' ही पदवी मिळविली, त्याने संस्कृतचा भार बुद्ध्या उतरवून ठेवला. मराठी गद्याच्या इतिहासात या भाषांतराची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही. भाषेच्या अभ्यासकांनी ते मूळ संहितेशी आणि आधीच्या भाषांतरांशी ताडून पाहायला हवे.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. संस्थेची उत्तराधिकारी म्हणून जिला घडविले, ती एकुलती एक मुलगी. त्यानंतरही रमाबाईंचे भाषांतराचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर पडले. दुष्काळात आईवडील गमावलेल्या मुलीला प्रार्थनेने दुःखापासून वाचविले नाही. मनोरमेच्या मृत्यूतही नाही. मात्र कोण्या केडगावच्या बाईला आपल्या बोलीत शास्त्र वाचता यावे, म्हणून शोकातही मुद्रिते तपासत राहण्याचे बळ तिने दिले. रमाबाईंची आशा म्हणायची ती हीच, आणि तिचा पुरावा छापील स्वरूपात आपल्यापुढे आहे.