स्विफ्टची भोवळ

जोनाथन स्विफ्टला (१६६७–१७४५) भोवळीने गाठले ते ऐन विशीत. पुढे बहिरेपणही आले. भोवतालचे जग गरगरे, कानांत घोंघावे, मळमळून येई; मग काही काळ सारे शांत. भोवळीचा दोष तो पूर्वी कधीतरी अतोनात खाल्लेल्या सफरचंदांना देई, बहिरेपणाचा थंडीला. १७१० ते १७१३ या काळात लंडनहून स्टेलाला धाडलेल्या पत्रांत दरबारी राजकारणाच्या शेजारीच आज डोके कसे आहे याचीही नोंद असते. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' (१७२६) लिहिले गेले ते हे दुखणे सोसतच.

१७४२ मध्ये, पंचाहत्तरीच्या सुमारास, तो आपला कारभार पाहण्यास अक्षम ठरवला गेला. समीक्षेने मग उलटा प्रवास केला. अखेरच्या वर्षांतील बुद्धिभ्रंश मागे ओढून गलिव्हरच्या चौथ्या सफरीतील मनुष्यद्वेषाला चिकटवला. भोवळ ही त्या वेडाची चाहूल ठरली.

१८६१ मध्ये पॅरिसच्या प्रॉस्पेर मेनिएर या वैद्याने दाखवले, की अशी भोवळ मेंदूच्या नव्हे, अंतर्कर्णाच्या विकाराने येऊ शकते. १८८२ मध्ये इंग्रज मनोवैद्य जॉन बकनिल याने स्विफ्टचे दुखणे याच जातीचे मानले. म्हणजे भोवळ कानाची; वार्धक्यातील भ्रंश निराळा.

निदानाअभावी रिकामी राहिलेली जागा स्विफ्टने सफरचंदांनी भरली, समीक्षकांनी त्याच्या स्वभावाने. स्विफ्टची चूक निरुपद्रवी होती. वर्गात चौथी सफर शिकवताना दुसरी चूक आम्हीही केली आहे, हे येथे नोंदवणे आम्हांस अगत्याचे वाटते.