ख्रिस्ती मंडळीतील सभासंचालन आणि अध्यक्षपद : जालना, औरंगाबाद व अहमदनगर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

सभा हे आधुनिक सार्वजनिक जीवनाचे एक प्रमुख अंग होय. महाराष्ट्राच्या एकोणिसाव्या शतकाचा विचार करताना आपण सभा, समाज व परिषदा यांचा उल्लेख वारंवार करतो; परंतु सभा चालविली कशी जात होती, अध्यक्षाच्या आसनावर बसणाऱ्या व्यक्तीला कोणते अधिकार होते व कोणते नव्हते, या प्रश्नाकडे इतिहासलेखनाने फारसे लक्ष दिलेले नाही. ख्रिस्ती मंडळ्यांच्या बाबतीत तर धर्मांतर, शिक्षण व आरोग्यसेवा एवढ्याच विषयांभोवती अभ्यास फिरत राहिला. वास्तविक पाहता मंडळीची सभा ही या समाजाची पायाभूत संस्था आहे. पाळकाची नेमणूक, शिस्तभंगाचा विचार, जमाखर्चाची मंजुरी आणि जमीनजुमल्याची व्यवस्था हे सर्व सभेतच ठरते.

सिल्लोड हे या अभ्यासासाठी सोयीचे ठिकाण आहे. येथून दक्षिणेकडे एकीकडे औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) व दुसरीकडे भोकरदनमार्गे जालना, आणि औरंगाबादच्या पलीकडे गोदावरी ओलांडली की अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्हा लागतो. या तीन ठिकाणी एकोणिसाव्या शतकात तीन भिन्न परंपरांच्या मिशनांनी काम केले आणि त्या प्रत्येकीची अध्यक्षपदाची कल्पना वेगळी होती. पुढे १९७० साली या तिन्ही प्रवाहांचे एकाच चर्चमध्ये विलीनीकरण झाले.

उद्दिष्टे :

१) तीन परंपरांतील अध्यक्षपदाचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) विलीनीकरणानंतर अध्यक्षपदाच्या अधिकारात झालेला बदल तपासणे.
३) ख्रिस्ती सभेच्या उत्तम संचालनाची तत्त्वे इतिहासाच्या आधारे मांडणे.

प्रस्तुत शोधनिबंधासाठी ऐतिहासिक व तौलनिक अभ्यासपद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

प्रारंभीच्या मंडळीतील आदर्श :

ख्रिस्ती सभेच्या संदर्भात 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायातील यरुशलेमच्या सभेचा दाखला नेहमी दिला जातो. अन्यजातीय विश्वासणाऱ्यांवर मोशेच्या नियमशास्त्राचे बंधन घालावे की नाही, हा तेथे वादाचा विषय होता. प्रथम पुष्कळ वादविवाद झाला, नंतर पेत्र बोलला, त्यानंतर बर्णबा व पौल यांनी आपला अनुभव सांगितला आणि सर्वांचे बोलणे संपल्यावर याकोबाने निष्कर्ष मांडला. झालेला निर्णय लेखी स्वरूपात, प्रतिनिधींच्या हाती, संबंधित मंडळ्यांना कळविण्यात आला. सर्वांना बोलू देणे, नेतृत्वस्थानी असलेल्याने शेवटी बोलणे, निर्णयाची नोंद करणे व तो बाधितांपर्यंत पोहोचविणे ही चार सूत्रे या प्रसंगातून हाती येतात. त्याच ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात अन्नवाटपातील पक्षपाताची तक्रार येते, तेव्हा प्रेषितांनी तक्रार दडपली नाही. लोकांनाच सात माणसे निवडण्यास सांगितले.

अहमदनगर : सभेने निवडलेला नियंत्रक

अमेरिकन बोर्ड या संस्थेची स्थापना १८१० साली मॅसॅच्युसेट्स प्रांतात झाली. तिचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस आले आणि १८३१ साली अहमदनगरचे ठाणे सुरू झाले. याच ठिकाणी १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघाले. हे मिशन मुख्यतः काँग्रिगेशनल परंपरेचे होते. या परंपरेत प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त असते, सभासदांची सभा हीच सर्वोच्च सत्ता असते आणि तिचा नियंत्रक सभेनेच निवडलेला असतो. त्याचा अधिकार सभा चालू असेपर्यंतचा. सभा उठली की तो इतरांसारखाच एक सभासद. नगर भागातील मंडळ्यांनी परस्परसंबंधांसाठी जो संघ उभा केला त्याला 'ऐक्य' असे अर्थपूर्ण मराठी नाव होते.

अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे १८५४-५५ च्या सुमारास हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले. मंडळी स्वशासित, स्वावलंबी व स्वप्रसारक असावी, हा त्यांचा आग्रह होता. याच सुमारास हरिपंत ख्रिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. स्वशासनाचा प्रत्यक्ष अर्थ असा की, अध्यक्षाच्या आसनावरून मिशनरी उठला पाहिजे व तेथे या मातीतील माणूस बसला पाहिजे. ही गोष्ट तत्त्वतः मान्य होणे सोपे, व्यवहारात उतरणे कठीण होते. कारण पैशाची सूत्रे मिशनच्या हाती असेपर्यंत सभेतील शेवटचा शब्दही बहुधा मिशनचाच राहिला.

जालना : वडीलजनांची बैठक

जालना हे निजामाच्या राज्यातील छावणीचे गाव. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या वतीने १८६० च्या दशकात येथे काम उभारले. निजामाचे दिवाण सालारजंग पहिले यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ 'बेथेल' ही ख्रिस्ती वसाहत वसविली.

स्कॉटिश प्रेस्बिटेरियन परंपरेत मंडळीचा कारभार पाळक व निवडलेले वडील यांच्या बैठकीकडे असतो. पाळक हा बैठकीचा नियंत्रक खरा, परंतु त्याला साधारणतः मताधिकार नसतो; समसमान मते पडल्यास निर्णायक मत तेवढे देता येते. म्हणजे आसन पाळकाचे आणि मत वडिलांचे, अशी ही विभागणी आहे. या परंपरेत अध्यक्षीय सचोटीचे एक विलक्षण उदाहरणही आहे. १८ मे १८४३ रोजी एडिंबरो येथे स्कॉटिश चर्चच्या महासभेत मावळते नियंत्रक डेव्हिड वेल्श यांनी सभेची रीतसर स्थापना करण्याऐवजी सरकारी हस्तक्षेपाविरुद्धचा निषेध वाचला, तो मेजावर ठेवला व ते सभागृहाबाहेर पडले. त्यांच्यामागे अनेक पाळक गेले आणि त्यातून फ्री चर्च जन्माला आले. सभा मुक्त नसेल तर तिच्या अध्यक्षस्थानी बसू नये, हा त्याचा अर्थ होय.

बेथेलच्या संदर्भात आणखी एक बाब विचारात घ्यावी लागते. नारायण शेषाद्री जन्माने ब्राह्मण होते, तर जालना भागातील बहुसंख्य ख्रिस्ती मांग व महार समाजांतून आलेले होते. ज्यांना गावकीच्या बैठकीत पारावर बसण्याचाही अधिकार नव्हता, त्यांना मंडळीच्या सभेत बसण्याची, बोलण्याची व मत देण्याची संधी मिळणे ही सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने मोठी घटना आहे. मात्र जागा मिळाली म्हणजे वाचा फुटते असे नाही. शिकलेल्याने बोलावे व इतरांनी मान डोलवावी, ही जुनी सवय नव्या सभेतही शिरू शकते. अशा सभेत अध्यक्षाची खरी कसोटी न बोलणाऱ्याला बोलते करण्यात असते.

औरंगाबाद : पदसिद्ध अध्यक्ष

औरंगाबाद येथे चर्च मिशनरी सोसायटीचे काम होते आणि त्याची धुरा मूळचे पारशी असलेले रेव्हरंड रतनजी नवरोजी यांनी दीर्घकाळ वाहिली. ही संस्था अँग्लिकन परंपरेची. या परंपरेत बिशप हा धर्मप्रांताच्या सभेचा आणि पाळक हा स्थानिक समितीचा पदसिद्ध अध्यक्ष असतो. अध्यक्ष सभेने निवडलेला नसून दीक्षेने व नेमणुकीने आलेला असतो. यात सातत्य व शिस्त राहते, सभेच्या अध्यक्षपदासाठी गट पडत नाहीत. परंतु अध्यक्षाविरुद्धच तक्रार असेल तर सभेने काय करावे, हा प्रश्न उरतो. या संस्थेचे चिटणीस हेन्री व्हेन यांनीही अँडरसन यांच्याप्रमाणेच स्वशासित मंडळीचा पुरस्कार केला होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

सभानियमांचा जागतिक संदर्भ :

सभाशास्त्रावरील जगप्रसिद्ध नियमपुस्तिकेचा उगम एका चर्चमधील फसलेल्या सभेत आहे, ही बाब अनेकांना नवी वाटेल. अमेरिकन सैन्यातील अभियंता हेन्री मार्टिन रॉबर्ट यांना १८६३ साली मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड येथे चर्चमध्ये भरलेल्या सभेचे अध्यक्षपद अचानक देण्यात आले. सभा कशी चालवावी याचे ज्ञान नसल्याने गोंधळ उडाला. या अनुभवाने खजील झालेल्या रॉबर्ट यांनी सभानियमांचा अभ्यास करून १८७६ मध्ये आपली पुस्तिका प्रसिद्ध केली. सद्हेतू व भाविकता यांनी सभा आपोआप नीट चालते, हा समज या प्रसंगाने खोटा ठरविला.

१९१० साली एडिंबरो येथे भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेत सुमारे १२०० प्रतिनिधी होते. चर्चासत्रांचे अध्यक्ष जॉन आर. मॉट यांनी प्रत्येक वक्त्यास सात मिनिटांची मर्यादा घातली व ती थोरामोठ्यांनाही लागू केली. नियम सर्वांना सारखा, हीच तेथील शिस्त होती. अलीकडच्या काळात जागतिक चर्च परिषदेने बहुमताऐवजी सहमतीची पद्धत स्वीकारली व २००६ च्या पोर्तो अलेग्री येथील अधिवेशनात ती अमलात आणली. प्रतिनिधी नारिंगी कार्डाने अनुकूलता व निळ्या कार्डाने प्रतिकूलता दर्शवितात आणि अध्यक्ष सभेचा कल पुनःपुन्हा तपासतो. कायम अल्पमतात राहणाऱ्या ऑर्थोडॉक्स चर्चेसच्या नाराजीतून ही पद्धत आली, हे महत्त्वाचे आहे.

विलीनीकरण व त्यानंतरचे प्रश्न :

१९२४ साली काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन प्रवाह एकत्र येऊन युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया स्थापन झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे हे चर्च, अँग्लिकन चर्च व इतर चार मंडळे मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. नव्या रचनेत पास्टरेट कमिटीचा अध्यक्ष पाळक, धर्मप्रांतीय सभेचा अध्यक्ष बिशप, आणि दर तीन वर्षांनी भरणाऱ्या सिनडचा प्रमुख म्हणून बिशपांमधून निवडलेला मॉडरेटर, अशी व्यवस्था आली. अध्यक्षपदाच्या बाबतीत पाहता अँग्लिकनांचे पदसिद्ध आसन कायम राहिले. मात्र सभेने निवडलेल्या नियंत्रकाची नगरची रीत व पाळकाने मत न देण्याचा जालन्याचा संकोच हे त्या आसनाबरोबर तितक्या ठळकपणे आले नाहीत, असे प्रस्तुत अभ्यासकाचे मत आहे.

याचे परिणाम केवळ आध्यात्मिक नाहीत. महाराष्ट्र व गुजरातमधील मंडळ्यांच्या मालमत्ता पूर्वी मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यान्वये नोंदलेल्या न्यासांकडे आहेत. ब्रेदरेन चर्चच्या गुजरातमधील फर्स्ट डिस्ट्रिक्टच्या विलीनीकरणाचा वाद कित्येक दशके चालला आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या विरोधात निर्णय दिला. केवळ विलीनीकरणाचा ठराव संमत झाला म्हणून न्यासाचे विसर्जन व मालमत्तेचे हस्तांतरण होत नाही, कायद्याने घालून दिलेली पद्धत पाळावी लागते, असा त्या निर्णयाचा आशय आहे. विश्वस्त बदलले तरी ९० दिवसांत फेरफार अर्ज द्यावा लागतो व तेथे सभेची नोटीस, गणसंख्या, सूचक-अनुमोदकांची नावे आणि इतिवृत्त यांचीच छाननी होते. सभेत काय घडले याची आठवण कालांतराने पुसते, कागद मात्र राहतो.

या पार्श्वभूमीवर रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे स्मरण होते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापन केला. समिती वा मंडळ असे नाव न घेता त्यांनी 'दरबार' हा शब्द घेतला. दरबारात मुख्य आसन देवाचे, म्हणून बाकीचे सारे समान पातळीवर, असा त्यातून अर्थ निघतो. ख्रिस्ती सभा प्रार्थनेने सुरू होते, तीही याच भावनेने. परंतु प्रार्थनेनंतर अध्यक्ष स्वतःचाच निर्णय ईश्वरी इच्छा म्हणून पुढे करू लागला, तर विरोधी मत मांडणारा आपोआप देवाचा विरोधक ठरतो. ख्रिस्ती सभेतील सर्वांत मोठा धोका हाच आहे.

निष्कर्ष :

१) अध्यक्ष कार्यपद्धतीचा रक्षक असतो, निर्णयाचा मालक नसतो. त्याने आपले मत शेवटी मांडावे. आग्रहाने मांडावयाचे असल्यास आसन तात्पुरते दुसऱ्याकडे द्यावे.
२) ज्या विषयात अध्यक्षाचे हितसंबंध गुंतले असतील किंवा त्याच्याविरुद्ध तक्रार असेल, त्या विषयापुरते सभेने दुसरा अध्यक्ष निवडणे हे नगरच्या परंपरेस धरून होईल.
३) विषयपत्रिका वेळेवर देणे, वेळेची मर्यादा सर्वांना सारखी लावणे व इतिवृत्त सभेत वाचून कायम करणे यांत अश्रद्धा नाही, तो दुर्बळ सभासदाच्या संरक्षणाचा मार्ग आहे.
४) मौन म्हणजे संमती असे गृहीत धरू नये. स्त्रिया, तरुण व ग्रामीण सभासद यांना नाव घेऊन विचारणे हे अध्यक्षाचे कर्तव्य होय.
५) प्रार्थनेने अध्यक्षही बांधला जातो. तिचा उपयोग वाद शांत करण्यासाठी व्हावा, वाद बंद पाडण्यासाठी होऊ नये.

समारोप :

सिल्लोडपासून फार दूर नसलेल्या तीन गावांनी ख्रिस्ती सभेच्या तीन रीती अनुभवल्या. नगरने निवडीचा हक्क, जालन्याने अध्यक्षाचा संयम आणि औरंगाबादने सातत्य दिले. या तिहींचा मेळ घालणे हे विलीन झालेल्या मंडळीचे अपूर्ण राहिलेले काम आहे. आपली महाविद्यालयेही नोंदणीकृत संस्थांमार्फतच चालतात आणि त्यांचे भवितव्यही सभांच्या इतिवृत्तांतच लिहिले जाते. त्यामुळे अध्यक्षपदाचा हा इतिहास एका समाजापुरता मर्यादित राहत नाही. सभेत बसणाऱ्या प्रत्येक अध्यापकाने तो अभ्यासावा इतका तो आपला आहे.