सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट

हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग (१९४०–२०१५) यांचा इलेक्ट्रॉनिक वाद्यसंगीताचा अल्बम. मुंबईत ध्वनिमुद्रित झालेला हा अल्बम ‘एचएमव्ही’ या नावाने घरोघरी परिचित असलेल्या ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने १९८२ मध्ये काढला. दहा राग, प्रत्येकी साधारण पाच मिनिटे. गायक नाही, तबला नाही, तानपुरा नाही. तीन जपानी यंत्रे आणि ती हाताळणारा एक माणूस.

सिंग मुंबईच्या स्टुडिओंमधले मुरलेले वादक होते. गिटार, बास गिटार आणि निरनिराळी कळफलकाची वाद्ये ते वाजवत. शंकर-जयकिशन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदांत त्यांनी काम केले. ‘दम मारो दम’ या १९७१ च्या गाण्यातला ट्रान्झिकॉर्डचा स्वर त्यांचाच. लग्नसमारंभांत त्यांचा स्वतःचा ऑर्केस्ट्राही वाजत असे. नवे वाद्य दिसले की ते घ्यायचे आणि शिकायचे, ही त्यांची सवय. सिंगापूरहून त्यांनी रोलंड या जपानी कंपनीची तीन वाद्ये आणली : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बासचे यंत्र.

इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ मध्ये ओसाकात स्थापन केलेली ही कंपनी. तिचे टीआर-८०८ टोकियोच्या ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’ या त्रिकुटाने १९८१ च्या ‘बीजीएम’ या अल्बमात वापरले होते. मुंबईपासून अंबरनाथ-बदलापूरपर्यंत हळदीत आणि विसर्जनात घुमणारा ऑक्टोपॅड, तोही मुळात रोलंडचाच. त्याच्याशेजारी वाजणाऱ्या बेंजोचे कूळ तर जपानमधल्या ताइशोगोतो या १९१२ च्या वाद्यापर्यंत जाते. परकी वाद्ये आपल्या सुरात लावून घेणे आपल्याकडे नवे नाही. सिंग यांनी ती थेट रागापुढे ठेवली, हे मात्र नवे होते.

त्या काळी चित्रपटांत डिस्कोची लाट होती. तबल्याच्या जागी डिस्कोचा ठेका घालून राग वाजवले तर काय होईल, या विचारातून अल्बम घडला. भूपाली, यमन, मालकंस, कलावती, मधुवंती, मेघमल्हार, बैरागी हे राग यात आहेत. तसेच तोडी आणि ललतही. यंत्राची खरी परीक्षा या शेवटच्या दोघांत होते. तोडीचा कोमल गंधार गवई नेहमीच्या कोमलापेक्षाही खाली ठेवतात. कळफलकाच्या बारा ठरावीक सुरांत तो मिळत नाही, आणि तयारीच्या कानाला ती उणीव जाणवते. ललतमध्ये पंचम नाही, दोन्ही मध्यम एकमेकांना लागून येतात. ती जवळीक ज्युपिटर-८ वर स्वच्छ उमटते.

टीबी-३०३ ची करामत वेगळी. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी म्हणून बनवलेले हे लहानसे यंत्र. स्वरांचा क्रम आधी भरून ठेवायचा, मग तो पुन्हा पुन्हा वाजत राहतो. एका स्वरावरून पुढच्या स्वरावर न तुटता घसरण्याची सोय त्यात आहे. ती पूर्ण मींड नव्हे, पण आपला कान ती मींडेसारखी ऐकतो. स्वतंत्र तबलावादनात सारंगी किंवा पेटी लहरा धरते, तशी ही बासची ओळ इथे सगळी रचना धरून असते. टीआर-८०८ चा ठेका प्रत्येक मात्रेवर सारख्याच वजनाने पडतो. त्यात खाली-भरी नाही, त्यामुळे समेवर येण्याचे सुख हरवते. त्या बदल्यात जी अखंड गती मिळते तिच्यावर सिंग यांच्या ताना निर्धास्त धावतात. वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या गाण्यांत चार-आठ मात्रांचे तुकडे भरणाऱ्या हाताला इथे प्रथमच मोकळे रान मिळाले आहे, असे ऐकताना वाटत राहते.

अल्बम चालला नाही. रागदारीचे श्रोते आणि डिस्कोवर नाचणारे, दोघांनीही तो बाजूला ठेवला. डच संग्राहक एडो बाउमन यांना २००२ मध्ये दिल्लीतील एका दुकानात त्याची तबकडी सापडली आणि त्यांच्या ‘बॉम्बे कनेक्शन’ने २०१० मध्ये तो पुन्हा प्रकाशित केला. शिकागोत ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचे नृत्यसंगीत याच टीबी-३०३ वर उभे राहिले. त्यातली ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही आद्य रचना १९८७ ची. पाच वर्षे आधीच्या मुंबईच्या तबकडीत तोच नाद ऐकून जाणकार चकित झाले. ही कोणा आजच्या संगीतकाराने रचलेली बनावट जुनी तबकडी असावी, असा संशयही काहींनी घेतला. पण शिकागोच्या संगीतावर या अल्बमचा प्रभाव पडल्याचा पुरावा नाही. त्याला ‘पहिला अ‍ॅसिड हाउस अल्बम’ म्हणण्याने त्याची कीर्ती झाली, तरी त्यातला राग त्या कौतुकात मागे पडला. तो ऐकायला हवा तो यमन-मालकंस ओळखणाऱ्या कानांनी.

फेरप्रकाशनानंतर सत्तरी ओलांडलेले सिंग युरोपातील मंचांवर हीच यंत्रे घेऊन उभे राहिले आणि तरुण श्रोते त्यांच्या रागांवर नाचले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.