पनवेल परिसरातील उष्णतानिर्मिती : घन इंधनांचा इतिहास

रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील पनवेलचा परिसर दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा असून तेथे दगडी कोळसा सापडत नाही. राज्यातील कोळशाचे साठे विदर्भात, मुख्यत्वे चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर जिल्ह्यांत आहेत. त्यामुळे येथील उष्णतानिर्मितीचा इतिहास हा बव्हंशी इंधनाच्या वाहतुकीचा इतिहास ठरतो.

एकोणिसाव्या शतकात जळाऊ लाकूड व लोणारी कोळसा ही येथील मुख्य इंधने होती. कातकरी लोक कात काढणे व लोणारी कोळसा पाडणे या कामांवर निर्वाह करीत. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोग्रॅमपासून सु. ३,५००, तर लोणारी कोळशापासून सु. ७,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. म्हणून दूरच्या बाजारपेठेत लाकडापेक्षा कोळसा नेणे परवडे. लोणारी कोळसा हे मात्र जीवाश्म इंधन नव्हे.

मुंबईत १८५४ पासून कापडगिरण्यांची उभारणी सुरू झाली आणि त्यांच्या बाष्पित्रांसाठी दगडी कोळसा दूरवरून आणावा लागू लागला. या परावलंबनास पहिला पर्याय पनवेलजवळच मिळाला : घाटमाथ्यावरील तलावांच्या पाण्यावर चालणारे टाटांचे खोपोली जलविद्युत् केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले व तेथील वीज गिरण्यांना मिळू लागली. मुंबई हाय क्षेत्रातून १९७६ मध्ये खनिज तेलाचे उत्पादन सुरू झाल्यानंतर तेथील नैसर्गिक वायूवर उरण येथे १९८२ पासून वीजनिर्मिती होऊ लागली. दहेज–उरण–पनवेल–दाभोळ वायुवाहिनी २००७ मध्ये कार्यान्वित झाली.

तथापि दगडी कोळशाचा वापर संपुष्टात आला नाही. भारताचे कोळसा उत्पादन १९७०-७१ मध्ये सु. ७.३ कोटी टन होते. २०२४-२५ मध्ये ते १०० कोटी टनांपलीकडे गेले. सिडकोच्या स्थापनेनंतर (१९७०) नवी मुंबई वसू लागली, तशी विटांची मागणी वाढली. वीटभट्टीत कच्च्या विटांच्या थरांमध्ये कोळसा व भाताचे तूस घालून सु. ९००° ते १,०००° से. तापमान निर्माण करतात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडण्यासाठी अनेक कातकरी कुटुंबे हंगामभर भट्टीवरच राहतात व त्यांच्या मुलांची शाळा सुटते. वेठबिगार पद्धत १९७६ च्या कायद्याने रद्द झाली असली, तरी उचलीचे बंधन पूर्णतः नष्ट झालेले नाही. अशा रीतीने गिरण्यांना कोळशापासून मुक्त होण्याचा मार्ग लवकर सापडला. एकेकाळी जंगलात कोळसा पाडणाऱ्या समाजाचा भट्टीशी असलेला संबंध मात्र इंधन बदलूनही टिकून राहिला.